सातबारा हरवलेली शेती : बंद पडलेल्या लॅपटॉपमधून शब्द परत काढताना

जूनच्या पहिल्या आठवड्यात, मृगाच्या तोंडावर, मोहाडीत वादळ आले. घरातले दिवे क्षणभर पांढरे फटक झाले आणि विझले. तासाभराने लाइन परतली, पण चार्जिंगला लावलेला माझा लॅपटॉप काही उठला नाही. बटण दाबले तर पंखासुद्धा फिरेना. नाकाजवळ नेला तेव्हा जळाल्याचा बारीक वास आला.

त्या यंत्राची किंमत आता कोणी हजार रुपयेही केली नसती. आत मात्र झाडीबोलीतले चार हजारांवर शब्द होते. शाळेतली नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी तालुक्यातल्या गावांतून गोळा केलेले. प्रत्येक शब्दापुढे अर्थ, वापराचे एक वाक्य आणि तो जिथे ऐकला त्या गावाचे नाव. त्याशिवाय आत्याबाईच्या आवाजातली रोवण्याची गाणी. आत्याबाई जाऊन सहा वर्षे झाली. दुसरी प्रत होती का, हे पुढे प्रत्येकाने विचारले. होती, एका सीडीवर, २०१६ सालापर्यंतची. नंतरची का नव्हती, याला माझ्याजवळ उत्तर नाही.

एका दुरुस्तीच्या दुकानात यंत्र दाखवले. बोर्ड जळाला, नवा टाकण्यात अर्थ नाही आणि 'आतलं गेलं समजा', असा निकाल मिळाला. यातली पहिली दोन वाक्ये बरोबर होती आणि तिसरे चूक. हे तिसरे वाक्य ऐकून लोक रोज आपले लॅपटॉप भंगारात देत असतील. म्हणून ते चूक का आहे आणि कुठे कुठे चूक नाही, हे सविस्तर सांगावेसे वाटते.

लॅपटॉप हे आपल्याला एकच यंत्र वाटते, पण आत बिऱ्हाडे वेगवेगळी असतात. हिशेब करणारा बोर्ड वेगळा, पडदा वेगळा, बॅटरी वेगळी. मजकूर राहतो तो हार्ड डिस्कमध्ये. जुन्या लॅपटॉपमध्ये ही डिस्क अडीच इंची, पत्त्यांच्या जोडाएवढी धातूची डबी असते. खालचे झाकण काढून दोन-चार स्क्रू सैल केले की ती हातात येते. बोर्ड जळणे म्हणजे घराचा दरवाजा जळणे. आतली कोठी बहुधा शाबूत असते. बाजारात या डिस्कसाठी केबलवाले साधे डबे मिळतात, त्यांना लोक 'केसिंग' म्हणतात. डिस्क त्यात बसवून दुसऱ्या संगणकाला जोडली की पुष्कळदा सगळ्या फाइली पेन ड्राइव्हसारख्या समोर उघडतात. मेलेल्या म्हणून टाकलेल्या कित्येक लॅपटॉपांची गोष्ट इथेच संपू शकते, अर्ध्या तासात.

माझी संपली नाही. भाचा नागपूरला डिप्लोमा करतो. शनिवारी येताना तो केसिंग घेऊन आला. डिस्क जोडली, ती फिरू लागल्याचा बारीक आवाज आला आणि पडद्यावर सूचना उमटली, की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? माझा हात माउसवरच होता. भाचा ओरडला, "मामाजी, नोको दाबू काई!"

ही सूचना इतकी सौम्य आणि मदतीला आल्यासारखी असते की भला माणूस 'हो' म्हणून बसतो. तिचा अर्थ समजायला डिस्कवर मजकूर कसा राहतो ते पाहावे लागेल. आपल्याकडे त्याला तयार उपमा आहे, सातबाऱ्याची.

डिस्क म्हणजे गावची सगळी शेती समजा. तिचे बारीक बारीक तुकडे पाडलेले असतात, प्रत्येकाला क्रमांक असतो. एका तुकड्यात ५१२ किंवा ४,०९६ अक्षरचिन्हांएवढा मजकूर मावतो. एखादी फाइल एकाच बांधीत सलग असते, एखादी चार ठिकाणी विखुरलेली. कोणती फाइल कोणत्या तुकड्यांत आहे, याची नोंद वेगळ्या वहीत असते. विंडोजच्या पद्धतीत ही वही म्हणजे एक मोठा तक्ता, आणि तो कुठे ठेवला आहे हे सांगणारे एक पान डिस्कच्या भागाच्या सुरुवातीला असते. आपण फाइल पुसतो तेव्हा शेतात कोणी जात नाही. तलाठ्याच्या वहीत 'जमीन मोकळी' असा शेरा तेवढा पडतो. पीक उभेच असते. त्या जागी दुसऱ्या कोणी पेरणी केली, म्हणजे नवी फाइल तिथे लिहिली गेली, की मगच जुने पीक जाते. 'फॉरमॅट'च्या झटपट प्रकारात जुनी वही बाजूला पडून कोरी वही उघडते. पूर्ण प्रकारात, हल्लीच्या विंडोजमध्ये, सगळ्या शेतावरून नांगर फिरतो.

माझ्या डिस्कचे ते सुरुवातीचे पान वाचता येत नव्हते, एवढाच त्या सूचनेचा अर्थ. शेती जागेवर होती, वही सापडत नव्हती. आणि वही सापडत नाही म्हणून संगणक नवी वही घालायला निघाला होता.

पण पान का वाचता येत नव्हते? वादळाने बोर्ड जाळला हे खरे. डिस्कचे दुखणे मात्र जुने होते. वर्षभरापूर्वी लॅपटॉप खाटेवरून पडला होता. तेव्हापासून काही फाइली उघडायला वेळ लागे, मध्येच यंत्र गोठे. मी त्याला म्हातारपण समजत होतो.

डिस्कच्या डबीत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात. लॅपटॉपमधल्या बहुतेक मिनिटाला ५,४०० फेऱ्यांनी फिरतात. त्यांच्यावर वाचणारे डोके तरंगते. ते तबकडीला टेकत नाही, फिरत्या हवेवर उचललेले राहते, आणि दोघांमधले अंतर असते काही नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण पन्नास हजार ते एक लाख नॅनोमीटर जाडीचा, यावरून अंदाज यावा. धुळीचा कण या फटीत म्हणजे रस्त्यावर डोंगर. म्हणूनच घरी पंख्याखाली बसून डिस्कची डबी उघडणे म्हणजे उरलेसुरले घालवणे. १९५६ साली आयबीएमने पहिले असे यंत्र बाजारात आणले तेव्हा त्यात चोवीस इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून ५० लाख अक्षरे मावत. कपाटाएवढ्या त्या यंत्रापासून खिशातल्या डबीपर्यंत येताना जी किंमत मोजली, ती या फटीच्या रूपाने.

डोके तबकडीला घासले तर तिथला लेप खरवडून निघतो आणि त्या जागेवरचा मजकूर कायमचा जातो. अशा डिस्कमधून टक-टक असा ठोका ऐकू येतो. तो आला की वीज ताबडतोब काढायची आणि पुन्हा जोडून पाहायचीच नाही. पुढचे काम धूळरहित खोलीत डबी उघडून, डोकी बदलून करणाऱ्या प्रयोगशाळेचे. तिथला खर्च मोठा असतो, तालुक्याच्या माणसाचा महिन्याचा पगार सहज जावा इतका. पण 'एकदा लावून तर पाहू' असे म्हणत दहा वेळा लावलेली डिस्क त्या प्रयोगशाळेलाही जमत नाही. डिस्कच्या पाठीवरचे हिरवे कार्ड विजेने जळले असेल तर तसेच दुसरे कार्ड बसवावे, असा सल्ला जुने कारागीर देतात. पूर्वी ते चाले. अलीकडच्या डिस्कमध्ये त्या कार्डावरच त्या एकट्या डिस्कची मोजमापे साठवलेली असतात. ती छोटी चिप जुन्या कार्डावरून नव्यावर नेल्याशिवाय डिस्क बोलत नाही.

आणि तांदूळ. भिजलेले यंत्र तांदळात पुरण्याचा उपाय धानाच्या आमच्या जिल्ह्यात न सुचेल तरच नवल. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला, भंडारा शहरात पाणी शिरले, तेव्हा किती घरांतले संगणक गाळात गेले असतील. पुराच्या पाण्यात बुडालेली डिस्क वाळवू नये, असे या कामातले जाणकार सांगतात. गाळ तबकडीवर वाळून घट्ट बसला की तो काढताना लेपही येतो. ती तशीच ओलसर, हवाबंद पिशवीत घालून प्रयोगशाळेत द्यावी. तांदळाची जागा सुपात.

माझी डिस्क ठोका देत नव्हती. म्हणजे डोके शाबूत, तबकडीवर काही जागा खराब. अशा वेळी त्या डिस्कमधून थेट एक एक फाइल ओढत बसणे हीच मोठी चूक. संगणक खराब जागेशी अडतो, तिथेच पुन्हा पुन्हा डोके आपटतो, आणि चांगला भाग वाचायच्या आधी डिस्क दम सोडते. भाच्याने दुसरी मोठी डिस्क आणली आणि पहिलीची तंतोतंत नक्कल घ्यायला सुरुवात केली. फाइली, वही असला काही विचार न करता पहिल्या तुकड्यापासून शेवटच्यापर्यंत सगळे जसेच्या तसे उतरवायचे. यासाठी 'डीडीरेस्क्यू' नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. त्याची रीत आमच्याकडच्या शेतकऱ्याला शिकवावी लागणार नाही. ऑक्टोबरच्या पावसाने धान लोळले तर आपण काय करतो? उभे आहे ते आधी कापतो, लोळलेल्याकडे नंतर वळतो, आणि चिखलातल्या लोंब्या शेवटी हाताने वेचतो. हा प्रोग्राम अडलेली जागा सोडून पुढे जातो, सोडल्याची खूण एका वेगळ्या नकाशात ठेवतो आणि चांगले सगळे घरात आल्यावर माघारी फिरतो. लाइन गेली तरी नकाशा राहतो, तिथून पुढे चालू.

लाइन तीनदा गेली. चार दिवस काम चालले. ५०० जीबीच्या डिस्कपैकी शेवटी न वाचता आलेला भाग तीन एमबीच्या आसपास राहिला. भाचा खूश झाला. मी झालो नाही, कारण माझा शब्दसंग्रहच मुळी एका एमबीत मावणारा होता.

नकलेवर काम सुरू झाले ते निश्चिंतपणे. मूळ डिस्क गुंडाळून कपाटात गेली, आता चूक झाली तरी दुसरी नक्कल करता येणार होती. सुरुवातीच्या हरवलेल्या पानाची एक जादा प्रत विंडोज त्या भागाच्या अगदी शेवटी ठेवते, हे मला तेव्हा कळले. ती सापडली, वही उघडली आणि बहुतेक फाइली नावानिशी परत आल्या. लग्नाचे फोटो आले, पेन्शनची कागदपत्रे आली. शब्दसंग्रहाची फाइल आली नाही. तिच्या नोंदीचीच जागा त्या तीन एमबीत गेली होती.

वही नसताना शेत ओळखायचे तर शेतात फिरावे लागते. धान कोणते, तूर कोणती, हे पाल्यावरून कळते. फाइलींचेही तसेच. प्रत्येक प्रकारच्या फाइलीची पहिली काही चिन्हे ठरलेली असतात. वर्डच्या जुन्या फाइलीची सुरुवात करणारे आकडे यंत्राच्या सोळा-अंकी लिपीत लिहिले तर ते इंग्रजीतल्या 'डॉकफाइल' या शब्दासारखे दिसतात, कोणा अभियंत्याचा खट्याळपणा. नव्या वर्ड फाइलीची सुरुवात 'पीके' या दोन अक्षरांनी होते. फाइली दाबून लहान करण्याची झिप पद्धत काढणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरे. 'फोटोरेक'सारखे प्रोग्राम सगळी डिस्क चाळून अशा खुणा शोधतात. त्यांनी माझ्यापुढे काही हजार फाइलींचा ढीग ओतला, एकालाही नाव नाही. उघडून बघत किती दिवस बसणार? मी म्हटले, प्रत्येक नोंदीत गावाचे नाव आहे, तर सगळ्या नकलेतून 'मोहाडी' हा शब्द शोधू.

एकदाही सापडला नाही.

मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाशी या गोष्टीचा संबंध आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. संगणकाला अक्षरे कळत नाहीत, आकडे कळतात. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे ठरवावे लागते. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचे प्रमाण ठरले. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हा त्यातली देवनागरी इस्कीच्या १९८८ च्या मांडणीवर बेतलेली होती. पण ती घराघरांतल्या संगणकांत यायला पुढे बरीच वर्षे गेली. तोवर आपण एक पळवाट वापरली. आकडा इंग्रजी अक्षराचाच ठेवायचा आणि त्या जागी चित्र देवनागरीचे काढायचे. श्रीलिपीचे फॉन्ट, कृतीदेव, असे कितीतरी, आणि प्रत्येकाची वाटणी निराळी. मी मराठी टायपिंग शिकलो ते रेमिंग्टन यंत्रावर, तीसच्या गतीच्या परीक्षेसाठी. कृतीदेवची कळफलकावरची जागा तीच, म्हणून तोच फॉन्ट घेतला आणि पुढे सवयीने सोडला नाही.

त्यामुळे माझ्या डिस्कवर 'मोहाडी' हा शब्द 'मोहाडी' म्हणून कधी लिहिलाच गेला नव्हता. तिथे होती इंग्रजीची सात अक्षरे : ई, के, एस, जी, के, कॅपिटल एम, एच. 'ई'च्या कळीवर म, 'के'वर काना, 'एस'वर मात्रा. युनिकोडमध्ये हाच शब्द सहा चिन्हांचा होतो आणि साठवण्याच्या पद्धतीप्रमाणे बारा किंवा अठरा बाइट घेतो. मी त्या बाराच्या आणि अठराच्या रूपात शोधत होतो, तो सातच्या रूपात निजलेला होता. सात अक्षरांनी शोध घेतला आणि पडदा भरून गेला. ओळीमागून ओळी, इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गलका. त्या गलक्यात माझा सगळा शब्दसंग्रह होता.

फाइल जुन्या वर्डच्या पद्धतीची होती, हे माझे नशीब. त्या पद्धतीत मजकूर न दाबता, बराचसा सलग लिहिला जातो. मधला तुकडा गेला तरी मागचा-पुढचा वाचता येतो. नवी पद्धत मजकूर दाबून ठेवते आणि मधला थोडा भाग गेला की त्यापुढचे उलगडणे अवघड होते. साधे आणि सलग लिहिलेले टिकते, याचा सर्वांत मोठा दाखला अवकाशातून आलेला आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान कोसळले, ज्यात कल्पना चावला होत्या. त्या यानातल्या एका प्रयोगाची हार्ड डिस्क काही महिन्यांनी जळून काळवंडलेल्या अवस्थेत अमेरिकेत सापडली. प्रयोगशाळेने तबकड्या धुऊन दुसऱ्या डबीत बसवल्या आणि जवळजवळ ९९ टक्के मजकूर वाचला. झेनॉन वायूवरच्या त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये छापून आले. तबकडीवर काही जागा खरवडल्या होत्या, पण यंत्र जुन्या 'डॉस'वर चालणारे, मजकूर विखरून न टाकता ओळीने लिहिणारे. खरवडलेल्या जागा रिकाम्या भागात निघाल्या.

गाण्यांच्या बाबतीतही तेच झाले, आणि थोडे उलट अपेक्षेने. आत्याबाईची काही गाणी मी स्वस्तातल्या रेकॉर्डरवर एमपी३ मध्ये घेतली होती, काही नंतर चांगल्या फोनवर. एमपी३ मध्ये आवाज सेकंदाच्या साधारण चाळीसाव्या हिश्शाएवढ्या तुकड्यांत असतो आणि प्रत्येक तुकडा आपली ओळख आपल्याबरोबर घेऊन चालतो. मधले शंभर गेले तर खरखर होते आणि गाणे पुढे सुरू. फोनची पद्धत निराळी. सगळ्या तुकड्यांची यादी एकाच जागी, पुष्कळदा फाइलीच्या शेवटी. ती यादी गेली की आवाज आत असूनही नेहमीचे कोणतेही यंत्र तो वाजवत नाही. स्वच्छ घेतलेली तीन गाणी अशी मुकी राहिली. खरखरीत सगळी परतली.

शब्दसंग्रह मात्र अजून गलक्यातच होता. कृतीदेवमधून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक मिळतात, पण ते केवळ अक्षरामागे अक्षर बदलत नाहीत, क्रमही बदलतात. 'दिवा' लिहिताना रेमिंग्टनवर पहिली वेलांटी आधी येते, मग द. युनिकोडमध्ये आधी द, मग वेलांटी. रफारही असाच उडी मारतो. मजकुराला भोक पडले असेल तिथे काठावरची वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. मराठी पुस्तकाचे पान असते तर वाचणाऱ्याने अंदाजाने दुरुस्त केले असते. माझ्या यादीतले निम्मे शब्द कोणत्याच प्रमाण कोशात नाहीत.

शिवाय परिवर्तनानंतर मी उत्साहाने शुद्धलेखन तपासणीही चालवली. झाडीबोलीत ण, ळ, श, ष, छ नाहीत. पाण्याचे पानी होते, डोळ्याचा डोरा होतो, काळ्याचा कारा. यंत्राने मोठ्या निष्ठेने माझा डोरा पुन्हा डोळा केला. डिस्कच्या खराब जागांनी खाल्ले नव्हते एवढे या एका कळीने खाल्ले. नक्कल होती म्हणून मागे फिरता आले. मग यंत्राचा नाद सोडला, छापील कागद काढले आणि डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांचा झाडीबोलीचा कोश शेजारी ठेवून एक एक नोंद तपासू लागलो. कोशात नसलेल्या शब्दांसाठी ज्या गावाचे नाव पुढे लिहिले होते त्या गावी गेलो. एका कोसा विणणाऱ्या म्हाताऱ्याला आंधळगावात गाठले. मागाच्या भागांचे सात शब्द त्याच्याकडून पुन्हा घेतले, आणि त्यातले दोन मी पहिल्याच वेळी चुकीचे लिहिले होते असे निघाले.

नव्या लॅपटॉपवाल्यांना एक सांगितले पाहिजे, कारण वरचा दिलासा त्यांना पुरता लागू नाही. आता तबकड्यांच्या जागी चिपवाली एसएसडी असते. ती पडली तरी सहसा बिघडत नाही. पण तिच्यात फाइल पुसली की संगणक डिस्कला तसे कळवतो आणि ती रिकाम्या वेळात ती जागा खरोखर साफ करते. तलाठी शेरा मारतो आणि मागोमाग नांगर येतो. काही पातळ लॅपटॉपांत तर चिप बोर्डालाच डाक देऊन बसवलेली असते, बोर्ड जळाला की काढून दुसरीकडे जोडायला डबीच नाही. आणि पुष्कळ यंत्रांत मजकूर आपोआप कुलूपबंद होतो. ती अठ्ठेचाळीस अंकी किल्ली कुठे नोंदली आहे हे यंत्र चालू असतानाच पाहून कागदावर लिहून ठेवावे. माझ्या वादळात माझ्या भाच्याचा लॅपटॉप जळाला असता तर हा लेख फार छोटा झाला असता.

'ट' ते 'ड' यांच्यामधली काही पाने आली नाहीत. तिथे शून्ये आहेत. सीडीवरच्या जुन्या प्रतीतून आणि चिठ्ठ्यांमधून दीडशेच्या वर नोंदी भरून काढल्या, किती राहिल्या ते मोजता येत नाही, कारण यादीच ती होती.

आणि एका गाण्यात, तिसऱ्या कडव्यात, चार-पाच सेकंद खरखर आहे. आत्याबाईबरोबर त्याच बांधीत रोवणा केलेली एक बाई वैनगंगेकाठच्या एका गावात आहे, एवढा पत्ता लागला आहे. भाऊबीजेनंतर तिच्या गावची मंडई असते. भाच्याने गाणे फोनवर घालून दिले आहे, तिसरे कडवे कुठे सुरू होते त्या मिनिटाची खूण करून.